नोकरी घेतली तर माझ्यातला कंपोझर संपेल का?

वाचकाचं पत्र थोडक्यात असं. सांगलीचे, वय ३३. लहानपणापासून सतार शिकलेत, संगीतात एमए, सेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) पास. गेली काही वर्षं एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतात, पैसे तासावर, ते पण उशिरा, सुट्टीत काहीच नाही. संध्याकाळी विश्रामबागेत घरी क्लास. स्टाफ नोटेशन (पाच रेषांवर लिहायची पाश्चात्त्य स्वरलिपी) स्वतःचं स्वतः शिकले आणि सतार, व्हायोलिन, चेलो, तबला अशा वाद्यांसाठी रागावर उभ्या पण पूर्ण लिहून काढलेल्या रचना करतात. अकरा तयार आहेत, त्यातली एक पुण्यात एकदा वाजली. आता पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठाच्या संगीत विभागात असिस्टंट प्रोफेसरची ऑफर आलीये, अकरा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, महिनाअखेरपर्यंत कळवायचंय. वडील हळदीच्या अडत दुकानात आयुष्यभर हिशेब लिहीत आलेत, ते म्हणतात डोळे झाकून घे. पत्नी सांगलीजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, मुलगी चार वर्षांची. गुरुजी म्हणतात हे लिहायचे उद्योग सोड आणि रियाज कर. मुंबईचा मित्र म्हणतो नोकरीत शिरलास की संपलास, इकडे ये, वेब सिरीजची कामं मिळतील. त्यांचा प्रश्न: "नोकरी घेतली तर माझ्यातला कंपोझर मरेल का, आणि नाही घेतली तर जन्मभर तासिकेवरच राहणार का?"

नमस्कार,

पत्र दोनदा वाचलं. त्यात पगार आहे, कॉन्ट्रॅक्ट आहे, वडील, गुरुजी, मित्र सगळे आहेत, पण तुमच्या रचना वाजवणारी माणसं त्यात जवळजवळ नाहीतच. "एकदा वाजली" एवढंच. कोणी वाजवली, किती तालमी झाल्या, चेलोवाला कुठं अडखळला, त्यानं नंतर काय सांगितलं, पुन्हा वाजवू म्हणाला का, काही नाही. चार पानी पत्रात हे सुटतं म्हणजे ते तुमच्या रोजच्या डोक्यातूनच सुटलंय असं मला वाटतं, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथंच दिसतंय. नोकरी घ्यावी की नाही हे ठरवायला पगाराआधी एक गोष्ट बघा, कुठं गेल्यावर तुमचं लिहिलेलं वाजवणारी चार माणसं दर आठवड्याला तुमच्यासमोर बसतील.

आधी तुमची भीती घेते. नोकरीनं कंपोझर मरतो हे इतक्या वेळा बोललं जातं की ते खरंच वाटायला लागतं. मी साताऱ्याची, निम्मं आयुष्य कॉलेजच्या संगीत विभागात गेलं, त्यामुळं नोकरीचा त्रास मला कोणी सांगायला नको. पण इतिहास बघितला तर चित्र बरंच वेगळं आहे. फ्रान्सचे ऑलिव्हिये मेसियाँ १९४१ मध्ये पॅरिसच्या काँझर्व्हेटरीत शिकवायला लागले आणि १९७८ पर्यंत शिकवत राहिले, शिवाय १९३१ पासून एका चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचं काम होतंच, आणि विसाव्या शतकातल्या सगळ्यात मोठ्या कंपोझरमध्ये त्यांचं नाव घेतात. मोठी मोठी कामं ते उन्हाळ्याच्या सुट्टीत गावाकडच्या घरी बसून लिहायचे. आपल्याकडं श्रीकृष्ण नारायण रातंजनकर, लखनौच्या मॅरिस कॉलेजचे प्राचार्य, पुढं खैरागढच्या संगीत विद्यापीठाचे कुलगुरू, म्हणजे कारभाराचं ओझं तुमच्या वाट्याला येईल त्याच्या कितीतरी पट, आणि तरी "सुजन" या नावानं बंदिशी बांधत राहिले. प्रभाताई अत्रे आधी आकाशवाणीत, नंतर एसएनडीटीत संगीत विभागाच्या प्रमुख, आणि त्यांच्या स्वतःच्या बंदिशी आज शिकणाऱ्या मुली गातात.

यात रातंजनकरांचं उदाहरण तुमच्यासाठी जास्त कामाचं आहे. त्यांच्या बंदिशी पसरल्या त्या के. जी. गिंडे, एस. सी. आर. भट, दिनकर कायकिणी अशा शिष्यांच्या गळ्यातून. ती पोरं समोर होती, शिकत होती, गात होती, म्हणून नवीन बांधलेली चीज लगेच कोणाच्या तरी गळ्यात जायची. शिकवण्यातून कंपोझरला पगाराच्या वर जे मिळतं ते हे. तुमच्या अकरा रचना आज कॉम्प्युटरमध्ये फाईल म्हणून आहेत ना, त्यांना हे मिळालेलं नाहीये.

आता मित्राचं म्हणणं. फ्रीलान्स म्हणजे मोकळीक, हे गृहीत धरून तो बोलतोय. वनराज भाटियांचं बघा. लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकले, मग पॅरिसमध्ये नादिया बुलांजे यांच्याकडं, १९५९ ला परत आले, १९६० ते ६५ दिल्ली विद्यापीठात पाश्चात्त्य संगीत शिकवलं, म्हणजे अगदी तुमच्या स्वप्नातली लाइन. मग ती सोडली. जाहिरातींसाठी हजारो जिंगल्स केल्या, श्याम बेनेगलांच्या सिनेमांना संगीत दिलं, 'तमस'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०१२ ला पद्मश्री. काम अफाट आणि दर्जा वादातीत. पण त्यांचं मैफिलीसाठी लिहिलेलं संगीत किती जणांनी ऐकलंय, तुमच्या ओळखीतल्या दहा संगीतवाल्यांना विचारून बघा. आणि शेवटच्या काळात पैशांची जी ओढाताण झाली त्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या. मुंबईला जाऊ नका असं मी म्हणत नाही. वेब सिरीजमध्ये पैसा आहे आणि शिकायलाही पुष्कळ आहे, पण तिथं तुमचा वेळ दिग्दर्शकाच्या डेडलाइनचा असतो, आणि रात्री दोनला सीन बदलला म्हणून म्युझिक बदलून देताना सतार आणि चेलोचं काम पुढच्या महिन्यावर जातं, मग त्याच्या पुढच्या. नोकरीत किमान टाईमटेबल तरी भिंतीवर लावलेलं असतं.

हां, फ्रीलान्सवर जगून स्वतःचं संगीत केलेला माणूस हवा असेल तर अमेरिकेचे कंपोझर फिलिप ग्लास आहेत. न्यूयॉर्कमध्ये प्लंबिंग केलं, टॅक्सी चालवली, वयाच्या चाळिशीपर्यंत. पण त्यांनी १९६८ मध्येच एक गोष्ट केली, स्वतःचा ग्रुप बांधला. आपलं संगीत दुसरं कोण वाजवणार म्हणून स्वतः आणि बरोबरचे मित्र मिळून वाजवायचे. टॅक्सी पोटासाठी आणि ग्रुप संगीतासाठी. म्हणजे तिथं पण वाजवणारी माणसं आधी आलीच की.

आता तुम्हाला थोडं लागेल असं बोलते, पण मनापासून. बारावी रचना लिहू नका. निदान सहा महिने तरी नाही. आहेत त्यातल्या दोन काढा, आठ-दहा मिनिटांच्या, आणि त्या आज तुमच्या आसपास जे वादक खरोखर आहेत त्यांच्यासाठी पुन्हा लिहा. सांगलीत चेलो वाजवणारा नसेल तर चेलो काढून टाका, चेलोचा पार्ट सारंगीला द्या, नाहीतर दिलरुबाला, ते पण नसेल तर हार्मोनियमच्या खालच्या सप्तकाला. लग्नाच्या बँडमधले क्लॅरिनेटवाले ऐकलेत कधी नीट? वरातीच्या गोंगाटात कोणाचं लक्ष नसतं, पण श्वास आणि बोटं अशी तयार असतात की बंद खोलीत बसवून संथ आलाप वाजवायला सांगितला तर तुम्हीच बघत राहाल. मेसियाँ दुसऱ्या महायुद्धात गोर्लिट्झच्या युद्धकैदी छावणीत होते, तिथं जे वादक सापडले, एक क्लॅरिनेट, एक व्हायोलिन, एक चेलो आणि स्वतः पियानोवर, त्यांच्यासाठीच लिहिलं, १५ जानेवारी १९४१ ला कैद्यांसमोर वाजवलं, आणि ते काम आज जगभर वाजतं. असा वाद्यमेळ कोणी आरामात बसून निवडला नसता.

तालमीचंही सांगते कारण पहिल्या तालमीत हमखास काय होतं ते मी बघितलंय. व्हायोलिनवाला म्हणतो "बार पंचेचाळीसपासून घेऊया", तबलजी विचारतो "म्हणजे कितवं आवर्तन?", सतारवाला दोघांकडं बघत बसतो, आणि कंपोझर कागद उलटत मोजायला लागतो. अर्धा तास इथंच जातो आणि माणसं पुढच्या वेळी यायला कंटाळतात. उपाय साधा आहे. तीनतालात चार मात्रांचा एक बार धरला तर चार बार म्हणजे एक आवर्तन (तालाची एक पूर्ण फेरी), म्हणजे पंचेचाळिसावा बार ही बाराव्या आवर्तनाची सम (फेरीची सुरुवात). स्टाफ नोटेशनच्या कागदावर दर समेवर फुली आणि आवर्तनाचा आकडा टाका, सतारवाल्याला तोच भाग भातखंडे लिपीत (सा-रे-ग-म अक्षरांत) वेगळा लिहून द्या, तबलजीला एकाच पानावर नुसता आराखडा द्या, कुठं ठेका, कुठं शांत, कुठं तिहाई. हे काम किचकट आहे आणि कोणी कौतुक करणार नाही. पण याच्यामुळं दुसरी तालीम होते.

आणि हे सगळं तुम्ही सांगलीत बसून विचारताय याचं मला जरा नवल वाटतं, कारण पत्रात एका ठिकाणी तुम्ही "इथं काहीच नाही" असं लिहिलंय. अहो, मिरज दहा किलोमीटरवर आहे! तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं ऑफिस मिरजेत, अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर मिरजेच्या दर्ग्यात आणि तिथल्या उरुसात दर वर्षी त्यांच्या नावानं गाणं-बजावणं होतं. सतारमेकर गल्लीत एक दिवस नुसते बसा. कारागीर घोडीवर कानस फिरवतो, तार छेडतो, कान लावतो, परत दोन हात कानस, परत तार, आणि समोर जवारी करून (म्हणजे घोडी अशी घासून आवाज जुळवून) घ्यायला आलेला वादक तास तास बसलेला असतो. कुठून कुठून येतात ही माणसं. हातात वाद्य आहे, वेळ आहे, कान उघडे आहेत. तिथं "माझ्या एका रचनेच्या चार ओळी वाजवून बघता का" असं विचारणं पुण्यातल्या कुठल्याही ऑडिटोरियमपेक्षा सोपं आहे. तुम्ही स्वतः सतारिये, तुमचं तिथं जाणं-येणं असणारच, फक्त तिथं कंपोझर म्हणून कधी गेला नाहीत.

गुरुजींबद्दल. ते रचनेच्या विरोधात आहेत असं तुम्ही धरून चाललाय. मला वेगळं वाटतं. तुमचा हात रोज सतारीवर किती वेळ असतो आणि स्क्रीनसमोर किती वेळ, हे गुरूला हात बघून कळतं, त्यांची तक्रार तेवढीच असू शकते. कारण मसीतखाँ आणि रझाखाँ यांच्या चालीच्या गती (सतारीवरच्या बांधलेल्या चिजा) तर त्यांनीच तुम्हाला शिकवल्या असतील, त्या पण कोणीतरी कधीतरी नव्यानंच बांधल्या. एक करा, त्यांच्या आवडीच्या रागात त्यांच्याच बाजाची एक विलंबित गत बांधा, कागद न नेता जा, वाजवून दाखवा आणि म्हणा गुरुजी दुरुस्त करा. त्यांनी एक जागा जरी बदलली तरी तुमच्या कामात ते आले असं समजा. चेलोबिलोचं नंतर काढा.

आता ऑफर. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला १६ तास थेट शिकवणं धरलंय, आणि नियमित पदाचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं. कॉन्ट्रॅक्टवर खासगी ठिकाणी एकरकमी आकडा देतात आणि तो बऱ्याचदा याच्या खाली असतो, तास मात्र वर. पुण्याचं भाडं, दोन घरांचा खर्च, दर आठवड्याची ये-जा, सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास अंतर, हे सगळं वजा करून आकडा काढा आणि तो क्लासच्या कमाईशेजारी ठेवा. वडिलांना तोंडी समजावू नका, त्यांचं आयुष्य हिशेबात गेलंय, हाच कागद त्यांच्यासमोर ठेवा, ते तुमच्यापेक्षा बरोबर वाचतील. "डोळे झाकून" हा शब्द ते कदाचित स्वतःच मागं घेतील, कदाचित नाही पण घेणार. आणि पत्नीला काय वाटतं ते पत्रात कुठंच नाही हो. जिल्हा परिषदेची आंतरजिल्हा बदली म्हणजे काय असतं ते तुम्हाला माहितीये, म्हणजे मुलगी आणि घर काही वर्षं त्यांच्या एकटीवर. त्यांच्याशी बोलून मगच पुढचं वाचा.

पगाराच्या शिवाय विभागप्रमुखांना काही गोष्टी लेखी विचारायच्या. समूहवादनाचा पेपर आहे का, क्रेडिट आहेत का, नसेल तर सुरू करू देतील का. हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. क्रेडिट असले की पोरं तालमीला येतात आणि तुम्हाला दर आठवड्याला हक्काचे वादक मिळतात. वाद्यांची खोली संध्याकाळी उघडी मिळेल का. नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फायली, परीक्षा, युवा महोत्सव यातलं काय काय तुमच्याकडं येणार. कार्यक्रमासाठी ड्युटी लीव्ह आहे का. आणि स्वागतगीत! पाहुणे येणार म्हटलं की सगळ्या कॉलेजांत संगीत विभागाला हाक येते, हे तुम्हाला माहीतच आहे. त्याचा राग धरू नका, बारा पोरींचे आवाज आणि तीन मिनिटं हक्कानं मिळतायत तर दरवेळी दोन स्वरपट्ट्यांत, वेगळ्या तालात काहीतरी नवीन लिहा, ऐकणारे पाचशे असतात.

कॉपीराइटचं विसरू नका, कारण आपल्या क्षेत्रात कोणीच विचारत नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोकरीच्या कामाचा भाग म्हणून केलेली कृती, उलटा करार नसेल तर, नोकरी देणाऱ्याची होते. म्हणून तुमच्या रचनांचे हक्क तुमच्याकडं राहतील अशी एक ओळ कॉन्ट्रॅक्टमध्ये घालून घ्या, आणि आत्ताच्या अकरा रचनांची तारखांसकट यादी सोबत जोडा. १९९४ च्या दुरुस्तीपासून संगीतकृती लिहिलेलीच असली पाहिजे असं राहिलं नाही, त्यामुळं ज्यांना नोटेशन येत नाही अशा वाचकांनीही फोनवर का होईना, तारीख सांगून रेकॉर्ड करून ठेवावं. हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि पुढं ६० वर्षं राहतो, तुमच्या लेकीलाही त्याचा उपयोग आहे.

अशीच पत्रं मला दर महिन्याला येतात, बरेच जण नेट-सेटवर अडकलेले असतात, त्यांच्यासाठी पण लिहिते. असिस्टंट प्रोफेसरच्या नेटला (सेटसारखीच, पण देशपातळीवरची परीक्षा) वयाची अट नाहीये. आणि संगीतासाठी २०१८ च्याच नियमांत दुसरा रस्ता आहे, संबंधित विषयातली पदवी, नामवंत गुरूकडचं शिक्षण, आकाशवाणी-दूरदर्शनची वरची श्रेणी, आणि विषय सप्रयोग शिकवता येणं, अशा कलाकारांनाही अर्ज करता येतो. तेव्हा आकाशवाणीची ऑडिशन टाळू नका. पैशांच्या बाजूनं केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची ज्युनिअर फेलोशिप बघा, २५ ते ४० वयासाठी, महिन्याला १०,००० रुपये, दोन वर्षं. ती राबवणाऱ्या सीसीआरटी या सरकारी संस्थेच्या साइटवर जाहिरात येते. तुम्ही ३३ चे आहात, बसता त्यात.

माझं मत विचाराल तर असं. समूहवादन आणि खोली या दोन गोष्टींना विद्यापीठ लेखी हो म्हणालं, तास १६-१८ च्या आत असतील आणि घरचं दोघांच्या संमतीनं जमत असेल, तर एक शैक्षणिक वर्ष जा. सांगलीचा क्लास बंद करू नका, शनिवार-रविवारवर आणा. वर्षाच्या शेवटी तुमच्या दोन रचना पोरांनी स्टेजवर वाजवल्या असतील तर कॉन्ट्रॅक्ट पुढं वाढवा, नसतील तर परत या. आणि त्यांनी आठवड्याला चोवीस तास लावून समूहवादनाला टोलवाटोलवी केली तर जाऊ नका, मग तासिका आणि क्लास चालू ठेवून इथंच चार जणांचा ग्रुप बांधा, फेलोशिपचा अर्ज भरा, नियमित पदांच्या जाहिराती बघत राहा. सेट तुमच्या खिशात आहे, ती कुठं जात नाही.

विभागप्रमुखांना मेल उद्या सकाळीच टाका. लांबलचक नको, समूहवादन, खोली, आठवड्याचे तास, रचनांचे हक्क, एवढे चारच प्रश्न आणि "कृपया लेखी कळवावे". तिकडं सह्या व्हायला आठवडा सहज जातो आणि तुमची मुदत महिनाअखेरची आहे.